सुरांचे रफूकाम

घरच्या संगणकावर वाद्याचे ध्वनिमुद्रण करणे ही आता फारशी दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. एखादा बरा मायक्रोफोन, त्यातून येणाऱ्या विद्युतसंकेताचे अंकांत रूपांतर करणारे ‘ऑडिओ इंटरफेस’ नावाचे छोटे उपकरण आणि ऑडॅसिटी, रीपर किंवा गॅरेजबँड यांसारखे एखादे सॉफ्टवेअर एवढ्या सामग्रीवर भजनी मंडळाच्या अभंगापासून हौशी भावगीतापर्यंत सारे काही घरातल्या घरात मुद्रित होऊ शकते. मुद्रण संपल्यावर जे हाती येते त्यात मात्र पेटीवर चुकून दाबली गेलेली एखादी पट्टी, तबल्याचा उशिरा पडलेला बोल, मध्येच वाजलेली कुकरची शिटी आणि पंख्याची अखंड घरघर असे सगळेच आलेले असते, आणि त्यातून ऐकण्याजोगी रचना उभी करण्याच्या कामाला संपादन म्हणतात. हे काम पुष्कळसे रफूगराच्या कामासारखे आहे. चांगला रफूगर फाटलेली जागा भरायला दोरा बाजारातून आणत नाही. त्याच कापडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेतून तो सूत उसवून काढतो, कारण रंग, पीळ आणि जुनेपणा या तिन्ही बाबतींत जुळणारे सूत दुसरीकडे मिळत नाही. ध्वनिसंपादनातही भरावाचा तुकडा त्याच वादकाच्या, त्याच खोलीतल्या, शक्यतो त्याच बैठकीतल्या मुद्रणातून घ्यावा लागतो, आणि तो मिळाल्यावर सांधा नेमका कुठे घालायचा हा या कामातला खरा प्रश्न असतो. सॉफ्टवेअरमधली बाकीची शेकडो बटणे त्यानंतर येतात.

ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या काही दशकांत हा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा कर्ण्यातून शिरलेला आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जात होता, आणि कोरलेली रेघ दुरुस्त करता येत नसल्याने चूक झाली की नवी तबकडी लावून पहिल्यापासून गाण्याखेरीज गत्यंतर नव्हते. १९३० च्या दशकात जर्मनीत चुंबकीय फितीवर मुद्रण करणारे यंत्र तयार झाले आणि आवाज कापता येऊ लागला, तोही शब्दशः, दाढीच्या पात्याने. स्टुडिओतली फीत बहुधा सेकंदाला १५ इंच, म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटर वेगाने फिरे, त्यामुळे सेकंदाच्या पन्नासाव्या भागातले संगीत साडेसात मिलिमीटर लांबीचे असे. तंत्रज्ञ फीत हाताने मागेपुढे सरकवून हवा तो आघात शोधत, तिथे पेन्सिलीने खूण करत आणि पाते तिरके चालवत. छेद तिरका असल्याने एक आवाज विरता विरता दुसरा सुरू होई आणि सांधा कानाला बोचत नसे. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ या १९६६ च्या अखेरीस मुद्रित झालेल्या गाण्यात निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनितंत्रज्ञ जेफ एमरिक यांनी लय आणि पट्टी दोन्ही वेगळ्या असलेली दोन मुद्रणे फितीचा वेग कमीजास्त करून एकमेकांना जोडली, आणि सुमारे एका मिनिटावर असलेला तो सांधा कुणी दाखवून दिल्याशिवाय सहसा ध्यानात येत नाही. १९९१ मध्ये ‘प्रो टूल्स’ हे संगणकीय साधन आल्यानंतर पाते आणि फीत हळूहळू मागे पडली, २००० मध्ये ऑडॅसिटी मोफत उपलब्ध झाले आणि २००४ मध्ये गॅरेजबँड मॅक संगणकाबरोबर येऊ लागले. त्यामुळे जे कौशल्य मोजक्या स्टुडिओंत कोंडलेले होते ते दिवाणखान्यात पोहोचले. तिरका छेद मात्र गेला नाही, तो ‘क्रॉसफेड’ या नावाने पडद्यावर आला.

पडद्यावर दिसणारा आवाज म्हणजे काय, हे समजले की पुढचे बरेचसे सोपे होते. हवेच्या दाबातील चढउतार संगणक सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजतो; अशा प्रत्येक मापाला ‘सॅम्पल’ म्हणतात, आणि २४ बिटांच्या मुद्रणात एकेक माप १ कोटी ६७ लाखांहून अधिक संभाव्य पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदले जाते. ही मापे जोडून काढलेली नागमोडी रेघ म्हणजेच ध्वनीचा आलेख. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत वाजणाऱ्या भजनी ठेक्याची एक मात्रा पाऊण सेकंदाची असते, म्हणजे ४८,००० च्या हिशेबाने तिच्यात ३६,००० मापे येतात, आणि त्यांपैकी कोणत्याही दोहोंच्या मध्ये छेद देण्याची मुभा संपादकाला असते. एवढी सूक्ष्मता पात्याला कधीच साधली नव्हती, पण त्या मुभेबरोबर एक मोह येतो: जे आलेखात वाकडे दिसते ते कानालाही वाकडे वाटत असेल असे गृहीत धरण्याचा.

रीपर, गॅरेजबँड यांसारख्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कापलेला आवाज प्रत्यक्षात कापला जात नाही. मूळ ध्वनिफीत, म्हणजे आताच्या भाषेत मूळ फाइल, डिस्कवर जशीच्या तशी राहते, आणि पडद्यावरची ‘क्लिप’ ही केवळ त्या फाइलचा अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंतचा भाग वाजवावा अशी सूचना असते. त्यामुळे चुकीच्या जागी दिलेला छेद क्लिपची कड ओढून पुन्हा उघडता येतो. मूळ फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवल्या की या कामातली निम्मी भीती संपते. एका वाद्याच्या २४ बिटांच्या एकेरी मुद्रणाला मिनिटाला साडेआठ मेगाबाइटांच्या आसपास जागा लागते, तेव्हा काटकसर म्हणून जुने ‘टेक’, म्हणजे एकाच भागाची निरनिराळी मुद्रणे, पुसून टाकण्याचे आता काही कारण उरलेले नाही. रफूसाठीचे सूत नेमके तिथेच असते.

समजा, एका अभंगाच्या साथीत दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी पेटीवर पंचमाऐवजी शेजारचा तीव्र मध्यम दाबला गेला आहे आणि पहिल्या अंतऱ्याच्या शेवटी तीच जागा स्वच्छ वाजली आहे. नवशिका संपादक आलेखात नेमका तो चुकीचा स्वर निवडतो, तेवढाच काढतो आणि त्या मापाचा योग्य स्वर तिथे बसवतो. ऐकताना ठिगळ लगेच कळते. पेटीचा स्वर भात्याच्या दाबावर तरंगत असतो. मागच्या स्वराची शेपटी पुढच्या स्वराच्या सुरुवातीत मिसळलेली असते, आणि एकाच दीर्घ स्वराच्या मधोमध दोन टेक जोडले तर दोन्हींची कंपने एकाच टप्प्यावर नसल्यामुळे सांध्यापाशी आवाज क्षणभर खचतो किंवा हेलकावतो. त्याऐवजी चुकीच्या स्वराच्या जागेसह तिच्या आधीची सबंध फिरत, साधारण चार मात्रांची, पहिल्या अंतऱ्यातून उचलावी आणि तिचा आरंभीचा सांधा तबल्याच्या ठसठशीत आघाताच्या जेमतेम आधी ठेवावा. मोठ्या आवाजाच्या लगतचा क्षीण आवाज कानाला वेगळा जाणवत नाही, हा आपल्या श्रवणाचा गुणधर्म आहे. ‘धा’ पडतो त्या क्षणी कान ‘धा’त गुंतलेला असतो आणि सांधा त्याच्या आडून निघून जातो. अनुभवी संपादक आघातावर कधी कापत नाहीत, आघाताच्या आरंभी उमटणारे बोटाचे ते सूक्ष्म टोक शाबूत ठेवून त्याच्या पाच-दहा मिलिसेकंद अलीकडे कापतात.

छेदाच्या जागी रेघ शून्यावर नसेल तर दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींना जुळत नाहीत, ध्वनिवर्धकाचा पडदा एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर एकदम फेकला जातो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. म्हणूनच रेघ मधली आडवी ओलांडते ती जागा शोधून देणारी आज्ञा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. क्रॉसफेड ही त्यापुढची पायरी. तिच्यात एक तुकडा मावळत असताना दुसरा उगवतो, आणि हे संक्रमण पाच मिलिसेकंदांपासून काही सेकंदांपर्यंत कितीही लांबवता येते. दोन्ही तुकडे सरळ रेषेत चढवले-उतरवले तर मधोमध प्रत्येकाची पातळी निम्मी होते, आणि वेगवेगळ्या टेकांतल्या आवाजांच्या बाबतीत एकूण जोर सुमारे तीन डेसिबलनी पडतो. ‘इक्वल पॉवर’ नावाच्या वक्ररेषेत मधल्या बिंदूवर दोन्ही तुकडे सुमारे ७१ टक्क्यांवर असतात, त्यामुळे तो खळगा भरून निघतो.

वरच्या उदाहरणात आणखी एक पेच दडलेला आहे. क्लिकशिवाय, म्हणजे कानातल्या यांत्रिक टिकटिकीशिवाय, मोकळेपणाने वाजवलेल्या भजनाची लय चढत जाते आणि ती तशी चढावी हीच अपेक्षा असते. पहिल्या अंतऱ्यात मिनिटाला ८० मात्रा असतील आणि दुसऱ्याच्या शेवटी ८४, तर आठ मात्रांचे आवर्तन ६ सेकंदांवरून सुमारे ५.७ सेकंदांवर आलेले असते. चार मात्रांच्या उसन्या तुकड्यालाही सुमारे सेकंदाचा सातवा भाग जास्त लागतो आणि तो पुढच्या समेवर चढतो. म्हणून भरावाचा तुकडा जितका जवळच्या आवर्तनातला तितका बरा, आणि म्हणूनच मुद्रण चालू असतानाच वादकाने चुकलेली ओळ लगेच दोनदा वाजवून ठेवणे हे पुढच्या तासाभराच्या कामापेक्षा स्वस्त पडते.

उसना तुकडा थोडा आखडून बसवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये अर्थातच असते. फितीचा वेग वाढवला की पट्टीही चढत असे. संगणक मात्र आवाजाचे बारीक बारीक, एकमेकांवर चढलेले काप करून त्यांच्यातले अंतर बदलतो आणि पट्टी न हलवता काळ लांबवतो किंवा आखडतो. पेटी, बासरी किंवा व्हायोलिन अशा सलग नादाच्या वाद्याला चार-पाच टक्क्यांचा बदल सहसा सोसतो. तबला, मृदंग, टाळ किंवा गिटार यांना तो सोसत नाही, कारण त्यांचे सारे व्यक्तित्व आघाताच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत असते आणि काप नेमके तेच विस्कटतात. अशा वाद्यांत बोल ताणण्यापेक्षा दोन बोलांमधली जागा कमीजास्त करणे केव्हाही श्रेयस्कर.

तबल्याच्या संपादनात बोल सरकवण्याचा मोह सर्वांत मोठा असतो. पडद्यावर मात्रांच्या उभ्या रेघांची जाळी, म्हणजे ‘ग्रिड’, दाखवता येते, आणि ‘क्वांटाइझ’ ही आज्ञा दिली की प्रत्येक बोल जवळच्या रेघेवर जाऊन बसतो. यंत्राच्या तालावर रचलेल्या नृत्यसंगीतात ते चालून जाते. ठेक्यात मात्र काही बोल रेघेच्या किंचित मागे रेललेले असतात आणि काही किंचित पुढे झुकलेले, आणि वीस मिलिसेकंदांचे ते अंतर हेच वादकाचे वजन असते. सगळे बोल रेघेवर आणल्यावर जे ऐकू येते ते बिनचूक असते आणि त्याला मान डोलत नाही. शिवाय डग्ग्याचा घुमारा पुढच्या दोन-तीन बोलांखाली वाहत असतो. वर वाजलेला ‘ना’ उचलून पुढे नेला तर त्याच्याबरोबर खालच्या घुमाऱ्याचाही तुकडा जातो, आणि मागे उरलेल्या जागेत तो नाद मधूनच तुटतो. तबला आणि डग्गा यांना दोन स्वतंत्र मायक्रोफोन लावले तरी ही अडचण पूर्णपणे सुटत नाही, कारण प्रत्येक मायक्रोफोनला शेजारचाही आवाज ऐकू येतो. हवेत ध्वनी एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो, आणि दोन्ही मार्गिका, म्हणजे ‘ट्रॅक’, एकत्र न बांधता त्यांतली एकच मिलिसेकंदाने सरकवली तर दोन्हींत आलेली ५०० हर्ट्झच्या आसपासची कंपने परस्परांना खोडतात आणि तबला पत्र्यासारखा वाजू लागतो. एका वाद्याचे सगळे ट्रॅक एकाच गटात बांधून एकदमच कापावेत, हा नियम इथून आला आहे. सरकवायचाच असेल तर जो बोल उशिरा पडल्याचे डोळे मिटून ऐकताना खटकते तेवढाच सरकवावा, आणि तोही रेघेपर्यंत न नेता खटकणे थांबेल तिथपर्यंतच.

साथीला तानपुरा असेल तर त्याचे मुद्रण वेगळे करावे. याबाबतीत तडजोड करणाऱ्याला पुढे पस्तावावे लागते. तानपुऱ्याच्या चार तारा ठरावीक क्रमाने फिरत राहतात, आणि सतारीच्या किंवा गायकाच्या मायक्रोफोनमध्ये तो नाद झिरपलेला असेल तर सतारीतला प्रत्येक छेद त्या फेऱ्यालाही छेद देतो: पंचमाची तार छेडली जाऊन मधल्या जोडीची पाळी आलेली असताना एकदम खर्ज ऐकू येतो आणि श्रोत्याला कारण न कळता काहीतरी निसटल्यासारखे वाटते. स्वतंत्र ट्रॅकवरचा सलग तानपुरा याच्या उलट काम करतो. वरच्या वाद्यांतले लहानसहान सांधे तो आपल्या अखंड नादाखाली झाकून टाकतो.

स्वर दुरुस्त करण्याच्या साधनांचा इतिहास थोडा गमतीचा आहे. १९९७ मध्ये आलेले ‘ऑटो-ट्यून’ हे सॉफ्टवेअर अँडी हिल्डेब्रँड यांनी घडवले, आणि त्याआधी ते तेलाच्या शोधासाठी जमिनीतून परतणाऱ्या कंपनांचे गणित करत असत. असे साधन ऐकलेला स्वर जवळच्या ‘बरोबर’ स्वरावर नेऊन बसवते, आणि बरोबर म्हणजे काय हे त्याच्यात आधीच ठरलेले असते: सप्तकाचे बारा समान भाग, प्रत्येक भागाचे १०० ‘सेंट’. तानपुऱ्याशी मिळून येणारा शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो, तर समान भागांचा गंधार ४०० वर. षड्ज काळी एकचा, म्हणजे सुमारे २७७ हर्ट्झचा धरला तर पहिला गंधार ३४६.५ च्या जवळ येतो आणि दुसरा ३४९.२ च्या. खर्जाच्या तारेतून स्वयंभू उमटणारा गंधार पहिल्या प्रकारचा असल्याने, सॉफ्टवेअरने ‘सुधारलेली’ बासरी त्याच्याशी सेकंदाला पावणेतीन वेळा आदळून थरथरत राहते. हा तंटा नवा नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली, तिच्यामागेही अचल, समान भागांच्या स्वरांविषयीची हीच तक्रार होती. त्या वेळी पेटीवर ठेवला गेलेला आरोप आज अधिक न्याय्यपणे या साधनांवर ठेवता येईल, कारण पेटी निदान शेजारच्या सतारीचा स्वर बदलत नव्हती. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार किंवा सतारीवरची चार स्वरांची मींड अशा साधनाखाली गेली की उताराच्या जागी जिना तयार होतो. अपवाद म्हणून एखादा एकटा, स्पष्ट बेसूर लागलेला दीर्घ स्वर आपोआप चालणारी सोय बंद ठेवून, हाताने आणि तानपुरा चालू ठेवून, कानाला मिळेल तेवढाच हलवावा.

गोंगाट काढण्याच्या बाबतीतही संयमच कामाला येतो. वादनापूर्वी दहा-पंधरा सेकंद कुणीही न हलता खोलीची शांतता मुद्रित करून ठेवली तर ती दोन प्रकारे उपयोगी पडते. एक तर दोन तुकड्यांमध्ये पडलेली फट तिने भरता येते, कारण पूर्ण नीरव फट पंख्याच्या घरघरीत भोकासारखी उठून दिसते. दुसरे म्हणजे ऑडॅसिटीतल्या ‘नॉइज रिडक्शन’सारख्या साधनाला गोंगाटाचा नमुना म्हणून ती दाखवता येते; साधन प्रत्येक कंपनपट्ट्यात त्या नमुन्याहून क्षीण असलेला आवाज दाबते. पण क्षीण असते ते सारेच निरुपयोगी नसते. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून मिळवलेली जवारी अशाच क्षीण, उंच उपस्वरांची बनलेली असते, आणि साधन तिला पंख्याबरोबरच घेऊन जाते. मागे राहतो तो तार छेडल्याचा गोल, मुका आवाज. भारतात विजेच्या प्रवाहाची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्याने तारांतून शिरणारी गुणगुण ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर सापडते, आणि त्या तीन जागी अरुंद चिमटे लावणे सरसकट सफाईपेक्षा कमी हानीचे असते. भात्याचा श्वास, सतारीच्या पडद्यावरून सरकणाऱ्या बोटाची चिरचिर, समेआधीचा वादकाचा उसासा हे तर काढूच नयेत. ते काढल्यावर वाद्य वाजते, पण वाजवणारा खोलीतून उठून गेल्यासारखा वाटतो.

सर्वांत कमी लक्ष दिले जाते ते शेवटाकडे. अखेरची सम पडली की आलेख झपाट्याने बारीक होतो, पडद्यावर सपाट रेघ दिसू लागते आणि तिथेच छेद दिला जातो. प्रत्यक्षात तानपुरा आणि सतारीच्या तरफा त्यानंतरही काही सेकंद बोलत असतात. आवाज वाढवून त्या विरणाऱ्या नादाचा माग काढत गेले की एका ठिकाणी तो पंख्याच्या घरघरीखाली जातो. उतरता ‘फेड’ त्या जागेच्या थोडा आधी सुरू करून पुढे तीन-चार सेकंद लांबवला तर वाद्य आणि खोली दोन्ही एकदमच मिटतात, आणि पंखा चालू होता हे कुणाच्याही लक्षात येत नाही.